जुना डीपीएफ (डिझेल गाडीच्या धुराची गाळणी) घ्यायचा आहे, आपल्या गाडीला जुळेल हे कसं ओळखायचं?

वस्तीवरचा_डॉक्टर (फलटण)

नमस्कार मंडळी. मी जनावरांचा डॉक्टर. गाडी ऑक्टोबर २०२० ची, बीएस-६ (धुराचे सरकारी नियम) चा पहिला टप्पा, दीड लिटर डिझेल, मॅन्युअल. ९२,४०० किलोमीटर झालेत. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मागे टायरबद्दल विचारलं होतं, तेव्हा तिसऱ्या प्रतिसादापासून 'तुमची कंपनी, आमची कंपनी' सुरू झालं आणि धाग्याचं काश्मीर झालं. ज्यांना खरंच बघायचंय त्यांना पार्ट नंबर व्यनि (खाजगी निरोप) करतो.

माझं काम असं: सकाळी साडेसहाला निघायचं, डिकीत नायट्रोजनचा कंटेनर आणि औषधाची पेटी. विडणीत एक गाय भरायची, तिथून तीन किलोमीटरवर दुसऱ्या वस्तीवर कासदाह, मग कोणाची तरी म्हैस अडलेली. दिवसाला पन्नास-साठ किलोमीटर होतात, पण सलग दहा किलोमीटर गाडी पळाली असं आठवड्यातून एकदाही होत नाही. गाडी घेताना सेल्समननं मायलेज सांगितलं, बूट स्पेस सांगितली, हप्ता सांगितला. धुराच्या नळीत एक गाळणी आहे आणि ती अधूनमधून पळवून साफ करावी लागते हे नाही सांगितलं.

फेब्रुवारीत डबीत ठिपके असलेला पिवळा दिवा लागला. कोड पी२४६३. सर्व्हिस सेंटरनं उभ्या गाडीत फोर्स्ड रीजनरेशन (गाळणी मुद्दाम तापवून आतली काजळी जाळणं) केलं. सहाशे किलोमीटरवर पुन्हा दिवा. पुन्हा रीजनरेशन. पुन्हा दिवा. तिसऱ्या वेळी म्हणाले पूर्ण असेंब्ली बदला, १,६८,००० रुपये, मजुरी वेगळी. वॉरंटी संपलेली. आता कोड पी२००२ येतोय आणि गाडी ओढत नाही.

पुण्याहून एकानं जुन्या डीपीएफचा फोटो पाठवलाय, ३८ हजार म्हणतो. दिल्लीहून एक जण २६ हजारात ट्रान्सपोर्टनं पाठवायला तयार आहे. दोघेही म्हणतात 'सर, सेम टू सेम.'

प्रश्न सरळ आहे. जुना घ्यावा का? घ्यायचा तर तो माझ्याच गाडीचा आहे आणि आतून धड आहे, हे माझ्यासारख्या माणसानं कसं तपासायचं? गाईच्या बाबतीत दात बघतो, कास बघतो, चालवून बघतो. या डब्याचं काय बघायचं?

---

टॉर्कवेडा (छत्रपती संभाजीनगर)

डॉक्टरसाहेब, कशाला डोक्याला ताप करून घेता. आतली जाळी काढून टाका, डबा परत वेल्ड करा, सॉफ्टवेअर मारून घ्या. १८ हजारात सुटका. मायलेजपण वाढतं. माझ्या दोन मित्रांनी केलंय, पीयूसी पण मिळते.

---

काजळी_आणि_राख (पुणे)

मी एक्झॉस्टच्या टेस्टिंगमध्ये अकरा वर्षं काम केलंय, आता नोकरी बदलली आहे, त्यामुळे मोकळेपणानं लिहिते.

टॉर्कवेडा, पीयूसी मिळते हे पीयूसीबद्दल सांगतं, गाडीबद्दल नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) मध्ये पहिल्या गुन्ह्याला दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि लायसन्स तीन महिने रद्द, असं २०१९ च्या दुरुस्तीनंतर लिहिलेलं आहे. पण तेही सोडा. डॉक्टर दिवसभर गाडी गोठ्याच्या तोंडाशी उभी करतात. तिथे माणसं, लेकरं, जनावरं.

डॉक्टर, आता तुमच्याकडे येते. तुमच्या पोस्टमध्ये एक गोष्ट मला टोचली. पी२४६३ म्हणजे फिल्टरमध्ये काजळी जास्त झाली. पी२००२ म्हणजे फिल्टर काम करत नाही, आरपार चाललंय. हे दोन कोड जवळजवळ उलटे आहेत. एक म्हणतो गाळणी तुंबली, दुसरा म्हणतो गाळणी फाटली. तुंबलेली गाळणी सहसा आपोआप फाटत नाही. मध्ये काहीतरी घडलंय आणि ते तुम्ही लिहिलेलं नाही.

एक करा. गाडी थंड असताना सायलेन्सरच्या टोकात आतून बोट फिरवा. धडधाकट डीपीएफच्या मागची नळी लाख किलोमीटरनंतरही आतून जवळजवळ स्वच्छ असते. बोट काळंकुळकुळीत झालं तर आतली सिरॅमिकची वीट, म्हणजे खरी गाळणी, तडकली आहे.

---

पाना_नंबर_१३ (कोल्हापूर, उद्यमनगर)

डॉक्टर, राम राम. ताईंनी बरोबर पकडलंय. पण माझा प्रश्न त्याच्या बी आधीचा हाय. गाडी अर्धा तास पळाल्यावर टेम्परेचरची सुई कुठं थांबती? मधोमध येती का खालच्या खालीच रेंगाळती?

का विचारतोय ते सांगतो. इंजिन पुरतं तापल्याशिवाय गाडी स्वतःहून रीजनरेशन चालूच करत न्हाई. थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरणारी झडप) उघडा अडकून बसला की पाणी साठ अंशांच्या फार वर जात न्हाई. गिऱ्हाइकाला काय वाटतंय, गाडी थंड राहतीय, लई भारी. आणि तिकडं डबा भरत चाललेला. तुमी दीड लाखाचा नवा बसवा न्हाईतर तीस हजाराचा जुना, सहा महिन्यात हाय त्या जागी येनार. इंजेक्टर गळतोय का, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप) चिकटलाय का, टर्बोच्या पाईपला तेल हाय का, हे बी बघून घ्या. आजार इंजिनाला आणि औषध सायलेन्सरला, असं नको.

आणि ऑइल कुठलं घालताय ते बी सांगा.

---

लेस्टरकर_मूळ_बार्शी (लेस्टर, इंग्लंड)

इकडे जुना डीपीएफ घेणं म्हणजे रोजची गोष्ट आहे, म्हणून माझी फसगत सांगतो. उपयोग होईल.

माझी २०१२ ची डिझेल हॅचबॅक होती. इथे दरवर्षी एमओटी नावाची तपासणी असते. फेब्रुवारी २०१४ पासून त्यात डीपीएफ जागेवर आहे का ते बघतात, आणि मे २०१८ पासून डीपीएफवाल्या गाडीतून कुठल्याही रंगाचा धूर दिसला तरी नापास. त्यामुळे टॉर्कवेडाभाऊंचा उपाय इथे चालत नाही. भंगार यार्डातून मी १४० पौंडांना डीपीएफ आणला. मॉडेल तेच, वर्ष तेच, इंजिनाचे सीसी तेच.

बसला नाही! मागची फ्लँज (जोडाची कड) जुळली, पण पुढचं तोंड पाच-सात अंश वळलेलं. नंतर कळलं की त्याच वर्षी त्याच मॉडेलमध्ये दोन वेगळी इंजिनं येत होती, ताकद वेगळी, टर्बो वेगळा. नोंदणीच्या कागदावर सीसी एकच. इंजिन कोड बघायला हवा होता, तो मी बघितलाच नाही. यार्डवाल्यानं बदलून दिला, ही त्याची मेहेरबानी.

दुसरा बसला. पण दोन आठवड्यांत दिवा पुन्हा. मी वैतागलो. शेवटी एका म्हाताऱ्या मेकॅनिकनं लॅपटॉप लावला आणि हसला. फिल्टर बदललाय हे गाडीच्या कॉम्प्युटरला (ईसीयू) कोणी सांगितलंच नव्हतं. त्याच्या वहीत अजून जुन्या डब्यातल्या राखेचाच हिशोब चालू होता. ती नोंद दुरुस्त केली आणि पुढे तीन वर्षं विकेपर्यंत दिवा लागला नाही. डबा बदलणं आणि ईसीयूला सांगणं ही दोन वेगळी कामं आहेत, डॉक्टर. दुसरं करणारा माणूस आधी शोधा, मग डबा शोधा.

---

वस्तीवरचा_डॉक्टर

बोट काळं. नुसतं काळं नाही, काजळाची डबी उघडल्यासारखं.

ताई, तुम्ही पकडलंत. आमच्याकडे शेतकरी गाय घेऊन येतो, पोट फुगलंय म्हणतो. तासभर विचारल्यावर हळूच सांगतो की काल शेजाऱ्यानं सांगितलं म्हणून अर्धा लिटर तेल पाजलं होतं. मी अशा लोकांना पंधरा वर्षं झापत आलोय. तर आता माझं ऐका.

सर्व्हिस सेंटरनं १,६८,००० सांगितल्यावर इथल्या एका पोराकडून डीपीएफ खाली उतरवला. इंटरनेटवर व्हिडिओ बघितला होता. त्यात कोणतं तरी ॲसिड ओतलं, दोन तास ठेवला आणि मग आमच्या गोठा धुवायच्या प्रेशर पंपानं दोन्ही बाजूंनी मारला. काळं पाणी इतकं निघालं की मी खूश. संध्याकाळी लगेच बसवला आणि 'वाळू दे आतून' म्हणून गाडी उभ्या जागी तीन हजारावर रेस करत ठेवली. चार दिवस दिवा गेला. पाचव्या दिवशी पी२००२.

मिस्त्री, तुमचा प्रश्न. सुई मधल्या रेघेच्या बरीच खाली असते. मला वाटायचं गाडीची तब्येत चांगली आहे. काल एकाचा स्कॅनर लावून बारामती रोडला चाळीस मिनिटं चालवली, पाणी ६३ च्या वर गेलं नाही.

ऑइलचं लिहायला लाज वाटते. मागच्या दोन वेळा सर्व्हिसिंग गावातच केलं. ट्रॅक्टरसाठी २० लिटरची बादली आणलेली असते, १५डब्ल्यू-४०, त्यातलंच घातलं. डिझेल ते डिझेल, असं आम्ही म्हणालो.

---

काजळी_आणि_राख (पुणे)

लिहिलंत ते बरं केलंत. आता चित्र पूर्ण झालं. वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी जरा विस्तारानं लिहिते, कारण हेच प्रश्न दर महिन्याला येतात.

डब्यात सिरॅमिकची वीट असते, मधमाशीच्या पोळ्यासारखी. शेकडो बारीक बोगदे, पण प्रत्येक बोगदा एका बाजूनं बुजवलेला. शेजारच्या बोगद्याचं उलट टोक बुजवलेलं. त्यामुळे धुराला भिंतीतून झिरपूनच पुढे जावं लागतं आणि काजळी मागे राहते. कॉर्डिएराइट किंवा सिलिकॉन कार्बाइडची वीट, वरून प्लॅटिनम-पॅलेडियमचा पातळ लेप.

आता चूल डोळ्यांसमोर आणा. चुलीत काजळी असते आणि राख असते. काजळी जळते. हायवेवर गाडी पळत असते तेव्हा ती थोडी थोडी आपसूक जळत राहते, आणि साठली की ईसीयू जादा डिझेल मारून फिल्टर सहाशे अंशांच्या आसपास तापवतो आणि ती जाळून टाकतो. राख मात्र कितीही तापवली तरी राखच. ती डिझेलमधून फारशी येत नाही, आपलं बीएस-६ डिझेल १० पीपीएम सल्फरचं आहे. राख येते इंजिन ऑइलमधून. ऑइलमध्ये कॅल्शियम, जस्त, फॉस्फरसची औषधं असतात, तेवढं ऑइल जळलं की त्यांची राख गाळणीत बसते. म्हणून डीपीएफवाल्या गाडीला कमी राखेचं ऑइल लागतं. कॅनवर एसीइए (युरोपातल्या गाडी कंपन्यांची संघटना) सी२ किंवा सी३ लिहिलेलं बघा, त्यात सल्फेटेड ॲश, म्हणजे राख, ०.८ टक्क्यांपर्यंतच चालते. ट्रॅक्टरच्या बादलीला असं काही बंधन नसतं.

म्हणजे तुमच्या गाडीत दोन आजार एकदम होते. थर्मोस्टॅटमुळे काजळी जळत नव्हती, आणि ऑइलमुळे राख वाढत होती. सर्व्हिस सेंटरनं दोनदा रीजनरेशन केलं ते काजळीवर. पाणी ६३ वर का थांबतं हे तिथे कुणीतरी बघायला हवं होतं. अर्धवट रीजनरेशनचं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं, तेव्हा डिपस्टिकही बघा. पातळी वर गेली असेल तर ऑइल लगेच बदला, थांबू नका.

पंपानं जे झालं ते असं. जोराच्या पाण्यानं बोगद्यांची बुचं सुटतात, लेप निघतो आणि विटेभोवतीची तंतूंची गादी भिजून ढिली होते. वर ओली वीट एकदम तापवलीत. तापलेल्या तव्यावर पाणी टाकल्यावर तवा वाचतो, सिरॅमिक वाचत नाही. भट्टीत आणि हवेच्या झोतानं डीपीएफ साफ करणाऱ्या जागा आहेत, राख काढायची ती योग्य पद्धत, आणि पंपाआधी विचारलं असतं तर मी तेच सुचवलं असतं. आता तडकलेल्या विटेला साफ करून काही उपयोग नाही.

तेव्हा जुना घ्यायचा तुमचा विचार बरोबर आहे. फक्त दिल्लीचा घेऊ नका. वीट तडकायला एक आपटणं पुरतं, आणि ट्रान्सपोर्टवाले कसे फेकतात ते तुम्हाला ठाऊक आहे. हातात घेऊन बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

---

पाना_नंबर_१३ (कोल्हापूर, उद्यमनगर)

ताईंनी सगळं सांगितलं, आता बघायचं कसं ते मी सांगतो. तुमी गाईला जसं बघतासा तसंच.

नंबर बघा आधी. डब्याच्या पत्र्यावर कोरलेला असतोय, उष्णतेनं फिका पडतोय, वायर ब्रश मारून बघा. शेवटची अक्षरं सुद्धा जुळली पायजेत. २०२३ च्या एप्रिलनंतरच्या गाड्या दुसऱ्या टप्प्याच्या, त्यातला डबा दिसायला भाऊच, पण आत वेगळं आणि काहींना धुरात युरिया फवारणाऱ्या नोझलचं तोंड असतंय. ऑटोमॅटिक आणि मॅन्युअलचा बी कधी कधी वेगळा असतोय. तुमचा जुना डबा सोबत घेऊन जावा, फोटो न्हाई. सेन्सरची तोंडं मोजा, दाबाच्या नळ्या कुठून निघत्यात ते बघा, कंस कुठं वेल्ड केलाय ते बघा.

मग हलवा. कानाशी धरून हलवा. खुळखुळला तर तिथंच ठेवा. लाकडी दांड्यानं हळू ठोका, भरीव वाजला पायजे, चिरकलेल्या मडक्यागत न्हाई.

मग वजन. हे लई महत्त्वाचं हाय. आतल्या विटेत प्लॅटिनम असतंय म्हणून भंगारवाले वीट आधीच काढून विकत्यात आणि रिकामा डबा परत वेल्ड करून गिऱ्हाइकाच्या गळ्यात. बाहेरनं वेल्डिंगची दुसरी शिवण दिसली की समजा पोट फाडलंय.

मागच्या तोंडातून बॅटरी मारा. मागचं तोंड राखाडी-पांढरं पायजे. काळं असलं तर तुमच्यासारखंच फुटलेलं.

आणि गाडी कशी मेली ते विचारा. पुढनं ठोकलेली नको, आमच्या या गाड्यांत डबा इंजिनाला चिकटूनच असतोय. मागनं ठोकलेली मिळाली तर लॉटरी.

---

टॉर्कवेडा (छत्रपती संभाजीनगर)

माहिती जबरदस्त आहे, मान्य. पण एवढं सगळं करण्यापेक्षा पेट्रोल घ्यायची होती डॉक्टर.

---

वस्तीवरचा_डॉक्टर

मंडळी, बारा दिवसांनी येतोय. पुण्याला जाऊन आलो. सविस्तर लिहितो, कारण दोन चकरांत जे बघितलं ते कुठल्याच व्हिडिओत नव्हतं.

सोबत माझा फुटलेला डबा, वायर ब्रश, वासरं तोलायचा हुकाचा डिजिटल काटा आणि कुत्र्यांच्या कानात बघायला घेतलेला मोबाईलला जोडायचा कॅमेरा. दुकानदार माझ्याकडे असे बघत होते की मी इन्कम टॅक्सवाला आहे.

पहिला डबा, ज्याचा फोटो आला होता तो. नंबर तंतोतंत. बाहेरून चकाचक, मुद्दाम घासलेला. काट्याला लावला तर माझ्या डब्यापेक्षा २ किलो ३०० ग्रॅम हलका. मी म्हटलं, काजळीचं एवढं वजन नसतं. तो म्हणाला, आमचा साफ केलेला आहे ना सर. कॅमेरा आत घातला. आत काहीच नाही. पत्र्याची भिंत आणि लांबवर उजेड. मिस्त्री, शिवण खालच्या बाजूला होती, कंसाच्या मागे, आणि वरून सिल्व्हर रंग मारलेला. मी काही बोललो नाही. कॅमेऱ्यातलं चित्र त्याला दाखवलं आणि काटा पिशवीत टाकला.

दुसरीकडचा माणूस सरळ होता. त्याच्याकडचा डबा खरा, भरीव, मागचं तोंडही स्वच्छ. पण माझा डबा शेजारी ठेवला आणि दिसलं की त्याला एक तोंड जास्त आहे, बोटभर रुंद, तिरकं. युरियाचं. दुसऱ्या टप्प्याचा. त्याला स्वतःला माहीत नव्हतं. म्हणाला, 'बूच मारून देतो की.' नको म्हटलं. घरी न्यायचा मोह झाला होता हे खरं, कारण उन्हात तीन तास झाले होते आणि भूक लागली होती.

तिसरा दुसऱ्या चकरेत मिळाला, भोसरीच्या बाजूला. २०२१ ची गाडी, मागून ट्रकनं ठोकलेली, विम्यात टोटल लॉस. गाडी अजून तिथेच उभी होती, डबा तिच्यातच बसलेला! आमच्या भाषेत सांगायचं तर कालवड गाईसोबत बघायला मिळाली. सर्व्हेच्या कागदावर ३८,६०० किलोमीटर आणि चेसिस नंबर होता, तो काचेखालच्या नंबराशी पडताळला. पुढचा भाग शाबूत, इंजिन सुरू होत होतं. सायलेन्सरच्या टोकात बोट घातलं, बोट स्वच्छ आलं. तिथल्या तिथे ठरवलं.

३८ म्हणत होता, ३४ ला दिला. बिलावर पार्ट नंबर आणि गाडीचा चेसिस नंबर लिहून घेतला, आणि 'वीट फुटलेली निघाल्यास ३० दिवसांत परत' हे त्याच्याच हातानं. त्याच्या पोरांनी तापमानाचा एक सेन्सर खोलताना मोडला, गंजून आटा धरलेला. मी आरडाओरडा केला नाही, माझा जुना सेन्सर चालू होता. गाडीत डबा मागच्या सीटवर गोधडीत गुंडाळून, पट्टा लावून आणला. बायको म्हणाली मला कधी एवढं जपून आणलं नाहीत.

बसवला बारामतीला. गॅस्केट, क्लॅम्प, नट सगळं नवं, जुनं काही परत वापरलं नाही. दाबाच्या सेन्सरच्या दोन रबरी नळ्यांपैकी एकीला केसाएवढी चीर होती, तीही बदलली. थर्मोस्टॅट १,९५० रुपये. ऑइल सी३, पहिलं काढलं तेव्हा डिपस्टिकवर जास्तीच्या खुणेच्याही वर होतं आणि डिझेलचा वास येत होता.

लेस्टरकर, तुमचं ऐकलं. ईसीयूला सांगणारा माणूस आधी गाठला होता. पण एक अडचण आली. मशीन फक्त विचारतं, 'नवीन फिल्टर बसवला का, हो की नाही?' मी 'हो' म्हटलं. म्हणजे आता त्याच्या हिशोबानं राख शून्य. पण डबा तर ३८,६०० चाललेला आहे. ताई, हे खोटं बोलणं पुढे अंगाशी येईल का?

सध्या पाणी ८८ ते ९० वर असतं. उभ्या गाडीत डब्याच्या अलीकडे-पलीकडे दाबाचा फरक ६-७ मिलिबार, तीन हजारावर पस्तिसाच्या आसपास. रविवारी पालखी मार्गानं लोणंदपर्यंत गेलो आणि आलो, पहिल्यांदाच स्वतःहून रीजनरेशन झालेलं कळलं. उभी केल्यावर पंखा मोठ्यानं फिरत होता आणि आयडल किंचित वर होतं. आधी असं झालं की मी गाडी बंद करून गाय बघायला पळायचो.

---

काजळी_आणि_राख (पुणे)

आकडे छान आहेत. काही गाड्यांत राखेचा आकडा हातानं भरता येतो, तुमच्यात नाही, तर 'हो' म्हणण्यावाचून पर्याय नव्हता. ईसीयू राखेचा अंदाज बहुतांशी अंतरावरून धरतो. त्यामुळे त्याला वाटेल त्याच्या ३८ हजार किलोमीटर आधीच तुमचा डबा भरलेला असेल. ग्लोव्ह बॉक्समध्ये कागद चिकटवा: बसवल्याची तारीख, ओडोमीटर, आणि 'अधिक ३८,६००'. दर सर्व्हिसिंगला तीन हजारावरचा दाब लिहीत चला. रीजनरेशननंतरही तो चढाच राहायला लागला की राख, मग भट्टीवाल्याकडे. प्रेशर पंप गोठ्यातच राहू द्या.

आणि वस्तीवर पोचलात आणि पंखा गरगरतोय असं दिसलं, तर गाय फार अडलेली नसेल तर पाच-दहा मिनिटं गाडी चालू ठेवा. मात्र वाळलेल्या गवतावर किंवा कडब्याजवळ उभी करू नका. त्या वेळी नळी फार तापलेली असते.

---

वस्तीवरचा_डॉक्टर

कडब्याचं लक्षात आलं नसतं. धन्यवाद, ताई. उन्हाळ्यात तर मी मुद्दाम गंजीच्या सावलीत लावतो.

शेवटचा प्रश्न. फुटलेला डबा दारात पडलाय. काल भंगारवाला आला होता, चार हजार म्हणाला. मी काही बोलायच्या आत पाच म्हणाला. द्यावा का?

---

पाना_नंबर_१३ (कोल्हापूर, उद्यमनगर)

न बोलता हजारानं वाढला म्हणजे वळखा की. वीट फुटली तरी त्यातलं प्लॅटिनम काय उडून जात न्हाई. दोन-तीन ठिकाणी दर विचारा, आणि द्यायच्या आधी डब्यावरचा नंबर ग्राइंडरनं घासून टाका. न्हाईतर तोच डबा रंग लावून उद्या दुसऱ्या कुठल्या डॉक्टरला 'सेम टू सेम' म्हणून जायचा. फोडू मात्र नका घरात, आतल्या गादीची धूळ छातीला वाईट.

---

वस्तीवरचा_डॉक्टर

नंबर घासला. साडेसात हजारांना गेला.